रायफलचं मॅगझिन घेऊन राज्याची हद्द ओलांडताना

अमेरिकेतल्या मराठी मंडळींत रायफल नेमबाजीचा नाद असणारे आता बरेच दिसतात. कोणी टेक्सासच्या रेंजवर शनिवारी जातो, कोणी पेनसिल्व्हेनियात हरणाच्या हंगामाची वाट बघतो. पण आपले नातेवाईक कुठे राहतात? एडिसनला, बे एरियात, शिकागोच्या उपनगरात, सिअ‍ॅटलला. म्हणजे नेमकं न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, इलिनॉय आणि वॉशिंग्टन. मॅगझिनवर, म्हणजे काडतुसं भरून रायफलला लावतात त्या डब्यावर, मर्यादा घालणाऱ्या राज्यांतली ही. त्यामुळे 'दिवाळीला काकांकडे जातोय, तिथून पुढे रेंजवर जाऊ' असा साधा बेतही फौजदारी प्रकरणापर्यंत जाऊ शकतो. जी वस्तू तुमच्या गावात दुकानाच्या भिंतीवर उघड टांगलेली असते, तीच नदीपलीकडे बाळगणं गुन्हा ठरते.

कायदा मोजतो ते मॅगझिनमध्ये किती काडतुसं मावतात ते. तुम्ही किती भरलीत याला फारसा अर्थ नाही. 'तीसचं आहे, पण मी दहाच भरतो' हे उत्तर तिथे चालत नाही. रिकामं मॅगझिनही तेवढंच आक्षेपार्ह. न्यूयॉर्कने 2013च्या कायद्यात 'दहाच्या मॅगझिनमध्ये सातच भरा' असं एक कलम घातलं होतं, ते न्यायालयात टिकलं नाही. दहाची क्षमतेची मर्यादा मात्र टिकली.

आधी स्वतःचा व्हिसा बघा

हा भाग शस्त्रांवरच्या लेखांत सहसा नसतो, कारण ते लेख जन्माने अमेरिकन असलेल्यांसाठी लिहिलेले असतात. तुम्ही एच-वन बी किंवा तत्सम व्हिसावर असाल तर केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसं बाळगायला मुळात बंदी आहे. अपवाद थोडे आहेत. एखाद्या राज्याचा वैध शिकारी परवाना हा त्यातला नेहमीचा. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही, पण त्यांनी दुसरी गोष्ट लक्षात ठेवावी. शस्त्रासंबंधीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या परदेशी नागरिकाला देशाबाहेर काढण्याची तरतूद इमिग्रेशन कायद्यात आहे. मॅगझिनचा गुन्हा त्या तरतुदीत बसतो की नाही हा वाद वकील घालतील. पण तो वाद घालण्याची वेळच येऊ नये. शेजारचा अमेरिकन दंड भरून सुटेल अशा प्रकरणात तुमची इथली वीस वर्षं पणाला लागू शकतात. म्हणून खालच्या प्रत्येक पायरीवर मी जास्त सावध बाजू धरली आहे.

मर्यादा कुठे किती

बहुतेक मर्यादावाल्या राज्यांत आकडा दहाचा आहे: कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कनेटिकट, मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड. इलिनॉय आणि व्हर्माँट रायफलला दहा आणि पिस्तुलाला पंधरा धरतात. कोलोरॅडोत 1 जुलै 2013पासून पंधरा, डेलावेअरमध्ये सतरा. हवाईची दहाची मर्यादा पिस्तुलाच्या मॅगझिनला आहे. न्यूयॉर्क शहराचं तर वेगळंच आहे. तिथे रायफलच्या मॅगझिनला पाचची मर्यादा आहे आणि रायफल बाळगायलाच शहराचा परवाना लागतो. अल्बानीजवळ चालणारं मॅगझिन शहराच्या क्वीन्स भागात चालत नाही.

आकडा सारखा असला तरी मनाई कशाला आहे ते राज्यागणिक बदलतं. न्यू जर्सीत बाळगणंच गुन्हा आहे. तो चौथ्या श्रेणीचा गुन्हा असून त्याला अठरा महिन्यांपर्यंत कैद आहे. मेरीलँडचा कायदा विक्री, खरेदी आणि हस्तांतरण रोखतो, नुसतं बाळगणं नाही. वॉशिंग्टनने 1 जुलै 2022पासून विक्री आणि 'आयात' थांबवली. तिथे आधीपासून राहणाऱ्याकडचं जुनं मॅगझिन वैध, आणि तुम्ही आयडाहोतून गाडीत घालून आणलेलं तसलंच मॅगझिन अवैध. त्यामुळे 'माझ्या मित्राकडे आहे की' हा आधार धरू नका. त्याला जुन्या मालकीची सवलत असेल, पाहुण्याला ती नसते.

हे कायदे सतत न्यायालयात असतात आणि एखाद्या निकालाने चित्र बदलतं. निघण्याच्या आठवड्यात त्या त्या राज्याच्या पोलीस खात्याचं किंवा ॲटर्नी जनरलचं पान स्वतः वाचा. त्यात तीन गोष्टी शोधा: आकडा किती, बाळगायला मनाई आहे की आणायला, आणि बदल केलेल्या मॅगझिनबद्दल नेमके शब्द काय. ते पान छापून रायफलच्या पेटीत ठेवा. रस्त्याच्या कडेला फोनला रेंज नसताना त्या कागदाचा उपयोग होतो.

शिकारीचा नियम यापासून वेगळा आहे आणि लोक त्यात गल्लत करतात. कोलोरॅडोत मोठ्या जनावराच्या शिकारीला सेमी-ऑटोमॅटिक रायफल (दर गोळीनंतर पुढचं काडतूस आपोआप चढवणारी) वापरली, तर मॅगझिन आणि चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) मिळून सहाच काडतुसं चालतात. न्यूयॉर्क आणि मिशिगनमध्येही सहाच. फ्लोरिडात हरणाच्या शिकारीला पाचापेक्षा मोठं मॅगझिन चालत नाही. स्थलांतरित पक्ष्यांसाठी शॉटगनमध्ये तीनपेक्षा जास्त मावू नयेत असा केंद्रीय नियम आहे, आणि त्यासाठीचा अडसर एकसंध आणि बंदूक उघडल्याशिवाय न निघणारा असावा लागतो. पण तो काढता येतो, हंगाम संपला की काढतातही. मॅगझिनच्या क्षमतेचा कायदा याहून कडक असतो. तिथे बदल कायमचा लागतो.

बदल करायचा की विकत घ्यायचं

माझं स्पष्ट मत असं, की कारखान्यातून दहाचं म्हणून निघालेलं मॅगझिन मिळत असेल तर बदलाच्या भानगडीत पडूच नका. एआर-15च्या घाटाच्या रायफलींसाठी मॅगपुलसकट अनेक कंपन्या दहाची मॅगझिनं बनवतात, आणि ती तीसच्यापेक्षा फार महाग नसतात. रुगर मिनी-14 रायफलला पाचाचं आणि दहाचं मिळतं. रुगर 10/22चं गोल मॅगझिन मुळातच दहाचं आहे. तिचं पंचवीसचं लांब मॅगझिन घरी ठेवलं की न्यूयॉर्क शहर वगळता प्रश्न मिटला. प्रवासात नुसती नेमबाजीची हौस भागवायची असेल तर 10/22 किंवा साधी बोल्ट ॲक्शन रायफल (दर गोळीनंतर बोल्ट, म्हणजे चेंबर बंद करणारा दांडा, हाताने ओढायची) न्या. कारण एआर-15ला मर्यादेतलं मॅगझिन लावलं तरी ती रायफल स्वतःच कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कनेटिकट, मॅसॅच्युसेट्स, इलिनॉयच्या 'असॉल्ट वेपन'च्या (मनाई असलेल्या लष्करी धाटणीच्या शस्त्राच्या) व्याख्येत अडकू शकते. मॅगझिनमध्ये सुधारणा केली म्हणजे रायफलही सुटली असं होत नाही.

बदल करण्याला अर्थ आहे तो जुन्या किंवा बाहेरच्या देशांतल्या रायफलींसाठी. व्हीझेड-58 किंवा एफएएल यांची दहाची मॅगझिनं सहज मिळत नाहीत, वीस-तीसचीच मिळतात. तिथे एकदोन मॅगझिनं कायमची दहावर आणून ठेवणं शहाणपणाचं. कायमची म्हणजे खरोखर कायमची. 'जाताना अडसर घालतो, परत आलो की काढतो' असा बेत असेल तर तो बदल मर्यादावाल्या राज्यात ग्राह्य धरला जाईलच असं नाही. न्यूयॉर्कच्या व्याख्येत तर 'सहज पूर्ववत करता येण्याजोगं' मॅगझिनही मोठंच धरलं जातं. मूळ मॅगझिन हवंच असेल तर ते घरी ठेवा आणि प्रवासाचं वेगळं करा. मर्यादावाल्या राज्यात बसून अडसर काढणं म्हणजे तिथे नवं मोठं मॅगझिन तयार केल्यासारखं आहे, आणि त्याची शिक्षा बाळगण्यापेक्षा जड असू शकते.

बाजारात नुसते खटकन बसणारे अडसर मिळतात. बेसप्लेट (मॅगझिनच्या तळाची पट्टी) सरकवली की ते हातात येतात. ते शिकारीच्या नियमापुरते ठीक, क्षमतेच्या कायद्यापुढे त्यांच्यावर विसंबू नका.

प्रत्यक्ष काम

हे सगळं काम घरी, म्हणजे मर्यादा नसलेल्या तुमच्या राज्यात, निघण्याच्या बऱ्याच आधी करा. हद्द ओलांडल्यावर मोटेलच्या खोलीत करायचं हे काम नव्हे. स्वतः करायचा धीर नसेल तर गनस्मिथकडे (बंदुकीच्या कारागिराकडे) द्या. पावतीवर त्याने काय केलं ते लिहून मिळतं, हा आणखी एक फायदा.

टेबलावर एकही जिवंत काडतूस नको. ती दुसऱ्या खोलीत कुलपात. मोजणीसाठी डमी काडतुसं घ्या. त्यांच्यात ना दारू असते ना प्रायमर (दारू पेटवणारी टोपी). त्याच कॅलिबरची (गोळीच्या व्यासाची) आणि पूर्ण लांबीची किमान अकरा लागतील.

डोळ्यांवर चष्मा चढवून मॅगझिनची बेसप्लेट काढा. मधली खिट्टी दाबून प्लेट सरकवताना अंगठा स्प्रिंगवर घट्ट ठेवा, ती उसळून बाहेर येते. स्प्रिंग आणि फॉलोअर (काडतुसांना खालून वर ढकलणारी पट्टी) कोणत्या बाजूने बसले होते याचा आधी फोटो काढा. व्हीझेड-58च्या किंवा एफएएलच्या स्प्रिंगला पुढची-मागची बाजू असते. उलटी बसली तर फॉलोअर तिरका चढतो आणि काडतूस चेंबरमध्ये जाताना नाक आपटतं.

आता अडसर. तो बेसप्लेटवर उभा राहतो, स्प्रिंगच्या वेटोळ्यांच्या आतून वर जातो आणि फॉलोअरला ठराविक जागेखाली उतरू देत नाही. त्यासाठी ॲल्युमिनियमची पट्टी किंवा कडक नायलॉनचा ठोकळा वापरा. लाकूड दमट हवेत फुगतं आणि फोम दबतो, म्हणून दोन्ही नकोत. अडसर सुरुवातीला मुद्दाम जास्त लांब कापा. मॅगझिन जोडून डमी काडतुसं भरा. सात-आठवरच अडलं तर काढून कानशीने थोडं घासा आणि पुन्हा भरा. असं करत दहाव्यापर्यंत या.

इथे घाई करू नका, सगळी मेख इथेच आहे. दहावं काडतूस मॅगझिनच्या ओठांखाली (वरच्या वळलेल्या कडांखाली) बसल्यावर वरून अंगठ्याने दाबून बघा. थप्पी दोनतीन मिलिमीटर खाली गेली पाहिजे. अजिबात हलत नसेल तर बोल्ट बंद असताना मॅगझिन रायफलमध्ये नीट बसणार नाही, कारण बंद बोल्टची खालची बाजू वरच्या काडतुसाला दाबते आणि त्याला जागा लागते. आणि थप्पी फार खाली जात असेल तर कोणीतरी जोर लावून अकरावं घुसवेल. अकरावं डमी घ्या आणि खरोखर जोर लावा, दोन्ही अंगठ्यांनी. मॅगझिनचे ओठ वाकण्याची भीती वाटेपर्यंत दाबूनही ते बसता कामा नये. तुमच्या मॅगझिनमध्ये दुसऱ्या कॅलिबरची काडतुसं मावत असतील तर त्यांनीही हीच परीक्षा घ्या. जाड काडतुसांची दहा मावणाऱ्या डब्यात बारीक काडतुसं किती तरी जास्त मावतात, आणि तपासणारा बारीकच घालून बघेल.

माप जमलं की सगळं कायमचं बांधायचं. अडसर बेसप्लेटला आणि बेसप्लेट मॅगझिनच्या डब्याला, असे दोन जोड. जोडायच्या सगळ्या पृष्ठभागांवरचं तेल आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ॲसिटोन धातूवर चालतं, पण काही प्लॅस्टिकं त्याने मऊ पडतात. मग 120 नंबरच्या पॉलिश पेपरने पृष्ठभाग खरबरीत करा आणि दोन नळ्यांचं, सावकाश घट्ट होणारं एपॉक्सी लावा. पाच मिनिटांत वाळणारं नको, त्याचा जोड तेवढा मजबूत नसतो. एपॉक्सी स्प्रिंगवर ओघळणार नाही इतकंच घ्या आणि मॅगझिन चोवीस तास न हलवता ठेवा.

नुसत्या एपॉक्सीवर थांबू नका, विशेषतः डबा प्लॅस्टिकचा असेल तर. बहुतेक पॉलिमर मॅगझिनं नायलॉनच्या जातीची असतात आणि त्यांना एपॉक्सी धड धरत नाही. महिन्याभरात जोड सुटतो. म्हणून रिव्हेट मारा. डब्याच्या खालच्या भागात बाजूच्या भिंतीतून अडसरात जाईल असं भोक पाडा आणि त्यात पोलादी रिव्हेट बसवा. जागा अशी निवडा की मॅगझिन रायफलमध्ये गेल्यावर रिव्हेटचं डोकं मॅगवेलच्या (रायफलमध्ये मॅगझिन शिरतं त्या खाचेच्या) खाली, बाहेरच्या भागात राहील. आतलं टोक स्प्रिंगला घासता कामा नये. ड्रिल करताना डब्यात कापडाचा बोळा कोंबा आणि नंतर कीस पूर्ण झटकून काढा. ॲल्युमिनियमचा एक कपचा फॉलोअरशेजारी राहिला तरी मॅगझिन अडकायला लागतं.

डबा पोलादी असेल तर बेसप्लेटला वेल्डिंगचे दोन ठिपके मारून घेणं सगळ्यांत पक्कं, पण ते गनस्मिथच्या हातून. आणि स्प्रिंगपर्यंत उष्णता जाऊ न देता, कारण तापली की तिचा ताण मरतो. ॲल्युमिनियमच्या पातळ डब्याला वेल्डिंग करू नका, रिव्हेटच बरा.

झाल्यावर बेसप्लेट हाताने ओढून, सरकवून बघा. ती तसूभरही हलू नये. मग घरच्या रेंजवर जाऊन किमान पाचसहा वेळा पूर्ण भरून झाडा. शेवटच्या गोळीनंतर बोल्ट उघडा राहतो का, पहिलं काडतूस सुरळीत चढतं का, हे दोन्ही बघा. मॅगझिन आता आतून साफ करता येणार नाही, म्हणून त्यात तेल ओतू नका. चिखलातून आल्यावर हवेचा फवारा मारा आणि कोरडं ठेवा. डब्यावर रंगाने ठळक '10' लिहा. कामाच्या प्रत्येक टप्प्याचे फोटो आणि सामानाच्या पावत्या फोनमध्ये एका फोल्डरमध्ये ठेवा.

कॅनडाला जाणाऱ्यांनी हे आणखी काटेकोर करावं. तिथे सेमी-ऑटोमॅटिक सेंटरफायर (काडतुसाच्या तळाच्या मधोमध प्रायमर असलेल्या) रायफलच्या मॅगझिनला पाचची मर्यादा आहे. रिव्हेट, वेल्डिंग, डब्याला कायमचा खोलगट दाब देणं असे मार्ग नियमांतच लिहिलेले आहेत आणि बदल सहज निघू नये अशी अट आहे. मोठं मॅगझिन तिथे 'प्रतिबंधित साधन' ठरतं. सीमेवर ते सापडलं तर जप्ती ही किमान शिक्षा समजा. एआर-15 मे 2020पासून तिथे प्रतिबंधित आहे, ती घेऊन निघूच नका. तिथे प्रतिबंधित नसलेल्या रायफलींसाठी पाहुण्यांचा घोषणा-अर्ज भरून सीमेवर दाखवायचा असतो.

रस्त्यात

पेनसिल्व्हेनियातून मेनला निघालात, तर सुरुवातीला आणि शेवटी मर्यादा नाही. मध्ये मात्र न्यूयॉर्क किंवा न्यू जर्सी, कनेटिकट, मॅसॅच्युसेट्स अशी रांग आहे. 1986च्या केंद्रीय कायद्याने अशा प्रवाशाला संरक्षण दिलं आहे. निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या दोन्ही ठिकाणी बाळगणं वैध असेल, बंदूक रिकामी असेल आणि बंदूक व काडतुसं हाताशी नसतील तर मधलं राज्य अडवू शकत नाही. वेगळी डिकी नसलेल्या गाडीत कुलूपबंद पेटी लागते, ग्लोव्ह बॉक्स किंवा मधला कप्पा चालत नाही. पण त्या कायद्याच्या शब्दांत बंदूक आणि दारूगोळा आहे, मॅगझिनचा उल्लेख नाही. शिवाय हे संरक्षण जाता-जाता असलेल्यालाच आहे. मध्ये दोन दिवस एडिसनला मावशीकडे राहिलात की तुम्ही प्रवासी उरत नाही.

2005मध्ये युटाहचा एक माणूस नेवार्कला विमान चुकल्याने अडकला. त्याची बॅग त्याच्या हाती आली, तो रात्री हॉटेलात राहिला, सकाळी विमानतळावर पिस्तूल नियमाप्रमाणे जाहीर केलं आणि अटक झाली. 2010मध्ये थर्ड सर्किट या केंद्रीय अपील न्यायालयाने म्हटलं की त्या रात्री शस्त्र त्याच्या हाताशी होतं, म्हणून केंद्रीय संरक्षण लागू नाही. विमान चुकणं त्याच्या हातात नव्हतं, तरी फरक पडला नाही. म्हणून न्यू जर्सीतून किंवा न्यूयॉर्कमधून जोडविमान घेऊच नका. अडकलातच तर बॅग ताब्यात घ्यायला नकार द्या आणि ती विमान कंपनीकडेच राहू द्या.

विमानात रायफल फक्त चेक-इनमध्ये जाते: रिकामी, कडक कवचाच्या कुलूपबंद पेटीत, काउंटरवर जाहीर करून, आणि किल्ली तुमच्याजवळ. मॅगझिन रिकामं असलं तरी हातातल्या बॅगेत चालत नाही. ते त्याच पेटीत ठेवायचं. काडतुसं त्यांच्यासाठीच्या खोक्यात. वजनाची मर्यादा बहुतेक कंपन्या अकरा पौंड धरतात.

आणि भारतात येताना यातलं काहीच नको. आपल्या 1959च्या शस्त्र कायद्यात 'शस्त्र' या शब्दात शस्त्राचे सुटे भागही येतात, आणि काडतुसाला परवाना लागतो. रेंजला वापरलेली पाठीवरची बॅग घेऊन मुंबईला आलेल्यांच्या बॅगेच्या खिशात परतताना तपासणीत एखादं काडतूस सापडतं आणि विमान तर चुकतंच, वर गुन्हा दाखल होतो. 'जाणीवपूर्वक ताबा' नव्हता असं म्हणत उच्च न्यायालयात जाऊन तो रद्द करून घेणारे अनेक आहेत, पण त्यात महिने जातात आणि पासपोर्टचा घोळ होतो तो वेगळाच. रेंजची बॅग कायम रेंजचीच ठेवा. भारतासाठी दुसरी घ्या, आणि तरीही निघण्याच्या आदल्या रात्री तिचे सगळे कप्पे उलटे करून, अस्तराखाली बोटं घालून बघा.